दारूनं नेलेले आईवडील आणि मागे राहिलेली मोठी मुलं

"बाबा गेले तेव्हा मला रडू आलं नाही, हलकं वाटलं. मी वाईट मुलगी आहे का?" "आईनं जन्मभर त्यांचा मार खाल्ला आणि आता ती त्यांना देवमाणूस म्हणते. मी काय बोलू?" "वडिलांची दारूची उधारी मी फेडायची का?" व्यसनाविषयी काहीही लिहिलं की वाचकांकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणारे तिशी-चाळिशीतले, नोकरी-संसार असलेले लोक असतात. पिणाऱ्या माणसासाठी काय करावं याची माहिती आता बरीच मिळते, त्याच्या बायकोसाठीही थोडीफार मिळते. मोठ्या झालेल्या मुलांना मात्र "आता मागचं विसर" यापलीकडे कुणी फारसं काही सांगत नाही.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. लहानपणापासून तुम्ही निस्तरत आला आहात. गटाराकाठी पडलेल्या बापाला घरी आणलं, शेजाऱ्यांना खोटी कारणं सांगितली, धाकट्यांना आतल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. आईवडील गेल्यावरही हीच सवय पुढे चालते. कर्ज, अब्रू, आईचं मन, भावंडांची भांडणं असं सगळं आपण एका झटक्यात अंगावर घेतो आणि स्वतःच्या दुःखाला जागाच उरत नाही. पुढच्या प्रत्येक मुद्द्यात माझं सांगणं एकच आहे: निस्तरायला धावण्याआधी थांबा आणि यातलं तुमचं किती आहे ते आधी बघा.

दुःख नेमकं कशाचं आहे?

तुम्ही एकाच माणसाला अनेकदा गमावलेलं असतं. म्हणूनच मृत्यूच्या दिवशी डोळ्यांत पाणी येत नाही आणि चार महिन्यांनी बसमध्ये एखादा बाप मुलाला खिडकीजवळ बसवताना दिसला की हुंदका आवरत नाही. एक कागद घ्या आणि आपण काय काय गमावलं ते सुटं सुटं लिहा. बहुतेकांच्या कागदावर यातलं काही ना काही असतं:

- शुद्धीत असतानाचा तो माणूस, जो चांगला होता. गणपतीची आरास करणारा, गणितं शिकवणारा.
- तो कधीतरी सुधारेल ही आशा. पुष्कळांना माणसापेक्षा हिचं जाणं जास्त जड जातं.
- एकदा तरी त्यानं "चुकलो रे" म्हणावं ही इच्छा.
- स्वतःचं बालपण. मित्रांना घरी न बोलावलेली वर्षं, दिवाळीच्या रात्रीची भीती.

पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेनं माणूस समोर असूनही हरवलेला असण्याच्या दुःखावर पुष्कळ काम केलं आहे. या दुःखाला तेराव्यासारखा दिवस नसतो, त्यामुळे ते संपत नाही आणि कुणाला दिसतही नाही. कागदावर लिहिण्याचा उपयोग इतकाच की "मला दुःख होतंय की नाही" हा प्रश्न मागे पडतो आणि आज यातलं कोणतं दुःख वर आलं आहे हे कळतं.

हलकं वाटण्याबद्दल स्पष्टच सांगते. वर्षानुवर्षं संध्याकाळी सात वाजले की पोटात गोळा यायचा, गेटचा आवाज कसा येतोय यावरून आज किती झाली आहे याचा अंदाज घ्यायचा आणि ताटं वाढायची की झाकून ठेवायची ते ठरवायचं, असं ज्यांनी काढलं आहे त्यांना पहारा संपल्यावर हलकं वाटणारच. त्याचा प्रेम असण्या-नसण्याशी संबंध नाही. गंमत म्हणून नाही, खरंच सांगते, गेटचा आवाज ऐकायला कान टवकारणं मृत्यूनंतरही बराच काळ सुरू राहतं. शरीराला बातमी उशिरा पोचते. अशा वेळी त्या तासाला घरात एकटं बसू नका. फिरायला जा, कुणाला फोन करा, स्वयंपाकाची वेळ बदलून बघा.

पहिले तेरा दिवस

या दिवसांत निर्णय पटापट होतात आणि बहुतेक दुसरेच घेतात. म्हणून दोन-तीन गोष्टी माहीत असू द्या.

*अग्नी आणि विधी.* मुलीनं अग्नी देऊ नये असं कोणताही कायदा सांगत नाही, आणि मुलग्यानं सगळे विधी केलेच पाहिजेत असंही नाही. मनात राग असताना पिंडदान करायचं नसेल तर काका किंवा चुलतभाऊ ते करू शकतात. "मला जमणार नाही" एवढंच सांगायचं, कारण देत बसायचं नाही.

*घाटावरची बाटली.* ज्यांच्या घरी हे घडलं आहे त्यांना लगेच कळेल. पिंड ठेवलेत, कावळा शिवत नाही, ऊन चढत चाललं आहे. मंडळी मुलाकडे बघू लागतात, कुणीतरी म्हणतं, "त्याची इच्छा काय होती ते बोला." मग एखादा मामा खिशातून क्वार्टर काढून पिंडाशेजारी ठेवतो. काही जण हसतात. मुलाला मात्र त्या क्षणी शरमेनं मरून जावंसं वाटतं. हे होऊ नये असं वाटत असेल तर आदल्या दिवशीच वडीलधाऱ्यांपैकी एकाला विश्वासात घेऊन सांगा, "उद्या तिथे दारू ठेवलेली मला चालणार नाही. कावळा नाही शिवला तर दर्भाचा करू." दर्भाचा कावळा करून विधी पुरा करण्याची रीत भटजींना ठाऊक असते. आणि कावळा शिवला नाही म्हणजे बापाची तुमच्यावर नाराजी राहिली, असं मनाला लावून घेऊ नका. दुपारच्या उन्हात कावळे फारसे येत नाहीत.

*अकस्मात मृत्यू.* घरात पडून, रस्त्यावर किंवा झोपेत मृत्यू झाला असेल आणि डॉक्टर कारण लिहून देत नसतील तर पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात आणि शवविच्छेदन होतं. यात संशय तुमच्यावर आहे असं समजू नका. नातेवाईकांच्या सांगण्यावरून ते टाळायची धडपड करू नका. पुढे विम्यासाठी तोच कागद लागतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा आणि दाखल्याच्या पाच-सहा प्रती घेऊन ठेवा.

*लोकांची वाक्यं.* "सुटलात" म्हणणाऱ्याला आणि "गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये" म्हणणाऱ्याला, दोघांनाही एकच उत्तर पुरतं: "आमचं आम्हाला माहीत आहे." त्या गर्दीत खरं सांगण्याची सक्ती नाही आणि खोटं बोलण्याचीही नाही. मात्र एका तरी माणसापाशी सगळं खरं बोला. बायको, नवरा, शाळेपासूनची मैत्रीण, कुणीही चालेल.

"मी फोन उचलला असता तर..."

या दुःखातला सगळ्यात खोल काटा हाच आहे. शेवटचा फोन उचलला नाही, शेवटच्या दिवाळीला गेलो नाही, "आता तोंड दाखवू नका" म्हणालो, आणि आठवड्यात माणूस गेला.

इथे वैद्यकीय माहितीचा खरा आधार होतो. वर्षानुवर्षं दारू पिऊन यकृत कडक झालं की त्यातून रक्त वाहायला अडथळा होतो. मग अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. काल चालता-बोलता असलेला माणूस आज रक्ताची उलटी होऊन तासाभरात जातो. कुणाच्या पोटात पाणी होतं, कुणाला कावीळ होते, आणि यकृत रक्तातली घाण काढू शकलं नाही की मेंदूवर परिणाम होऊन माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. शेवटच्या दिवसांत वडील जे घाणेरडं बोलले ते पुष्कळदा या अवस्थेतलं असतं. फोन उचलला असता तरी त्या शिरा फुटायच्या राहिल्या नसत्या.

मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल-अनॉनच्या गटांत नव्या माणसाला आधी तीन गोष्टी सांगतात: हे व्यसन तुमच्यामुळे लागलं नाही, ते तुमच्या ताब्यात नव्हतं आणि बरं करणं तुमच्या हाती नव्हतं. ऐकायला सोपं वाटतं. ज्या मुलानं आठव्या वर्षी मोरीत बाटल्या ओतून दिल्या आणि त्यासाठी मार खाल्ला, त्याला हे पटायला मात्र वर्षं लागतात. तुमच्या मनात परदेशात निघून गेल्याची आणि अंत्यदर्शन मोबाईलवर घेतल्याची बोच असेल तर हीच तीन वाक्यं स्वतःला सांगा. घर सोडून गेलात म्हणून तुम्ही वाचलात, आणि वाचणं हा गुन्हा नाही.

उधारी, कर्ज आणि सह्या

दारूच्या घरात मृत्यूनंतर पैसे मागायला येणारे लवकर येतात. वाइन शॉपची वही, मित्राकडचे हातउसने, पतसंस्थेचं कर्ज, सावकार. "बापाचं नाव राखायचं" म्हणून मुलं दागिने मोडतात, नवी कर्जं काढतात. पहिला महिनाभर कुणालाही एक रुपया देऊ नका आणि कशावरही सही करू नका. तोवर हे समजून घ्या:

- वडिलांचं कर्ज त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल होऊ शकतं. तुमच्या पगारातून किंवा तुम्ही घेतलेल्या घरातून होऊ शकत नाही. वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते.
- पुत्रानं पित्याचं ऋण फेडावं हे धार्मिक कर्तव्य एकेकाळी कोर्टही मानायचं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जासाठी निव्वळ त्या आधारावर वसुली करता येत नाही.
- अपवाद म्हणजे तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार असाल तर. पतसंस्थेच्या कागदावर कधी सही केली होती का, ते शोधा.
- सावकाराला महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. परवाना दाखवा म्हणा. नसेल आणि धमक्या येत असतील तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे आणि पोलिसांकडे लेखी तक्रार द्या.
- आयुर्विमा असेल तर "दारूनं गेले म्हणजे पैसे मिळणार नाहीत" हे ऐकून गप्प बसू नका. पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली असतील तर अर्जात दारूची सवय लपवली होती, असं म्हणून कंपनीला ती अमान्य करता येत नाही. अपघात विमा वेगळा आहे. त्यात नशेत झालेला अपघात बहुधा वगळलेला असतो, तेव्हा अटी वाचा.

बहिणींसाठी एक गोष्ट ठासून सांगायची आहे. दिवसकार्याच्या गडबडीत "वारस नोंदीसाठी सही कर" म्हणून पुढे आलेला कागद कधीकधी हक्कसोडपत्राचा असतो. वारस नोंदीसाठी हक्क सोडावा लागत नाही. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगा, मुलगी, आई आणि हयात असल्यास आजी यांचा सारखा हिस्सा असतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मानं येतो आणि वडील २००५ च्या आधी वारले असले किंवा नसले तरी त्यानं फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या जुन्या वाटण्या मात्र त्यामुळे उघडल्या जात नाहीत. (हे हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांबाबत. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे आहेत.) हिस्सा नको असेल तर सहा महिन्यांनीही सोडता येतो. दुःखात केलेली सही परत घेणं मात्र फार कठीण असतं.

आई आणि भावंडं

फोटोला हार पडला की पुष्कळ घरांत माणूस बदलतो. आई म्हणू लागते, "मनानं फार चांगले होते, संगतीनं बिघडले." तुमच्या छातीत आग पेटते, कारण त्यांच्या मारझोडीची भिंतीवरची खूण अजून तिथेच असते. तिला खरं काय ते पटवून द्यायला जाऊ नका. तिनं याच माणसाबरोबर चाळीस वर्षं काढली आहेत आणि ती वर्षं वाया गेली असं म्हणणं तिला आज परवडणारं नाही. पण तिच्या होला हो मिळवण्याचीही गरज नाही. "तुला तसं वाटतं आई, माझी आठवण वेगळी आहे," इतकं म्हणून उठलात तरी चालेल.

भावंडांचंही असंच. थोरल्यानं दारूच्या भरातला बाप बघितलेला असतो, धाकटीनं थकलेला, आजारी बाप बघितलेला असतो. एकाच घरात दोघांचे वडील वेगळे होते. कुणाचं दुःख खरं यावर भांडू नका. फोटो कोणता लावायचा, वर्षश्राद्ध करायचं की त्या पैशातून दुसरं काही करायचं, आईनं कुणाकडे राहायचं, एवढंच बसून ठरवा. आणि ठरवताना "थोरला करेल" हे गृहीत धरू देऊ नका, विशेषतः तो थोरला तुम्ही असाल तर.

ज्यांची आई पिणारी होती, अशा वाचकांचं दुःख याहून एकटं असतं. बापाच्या दारूवर गल्लीत उघड बोललं जातं, आईच्या दारूवर घरातही बोलत नाहीत. अशा वाचकांना माझी विनंती आहे की घरात बोलता येत नसेल तर समुपदेशकाची वाट लवकर धरा.

ते अजून पीत असतील तर

माणूस हयात असतानाही शोक करण्याचा तुम्हाला अधिकार आहे. मात्र त्यासोबत काही धोके सांभाळायचे असतात:

- रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम बंद करू नका. शेवटच्या पेगनंतरच्या दोन-तीन दिवसांत फिट्स येऊ शकतात, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. हे काम दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं.
- "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिरातींतली पावडर जेवणात मिसळू नका. त्यातल्या काही औषधांवर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून मृत्यू होऊ शकतो.
- रोख पैसे हातात देऊ नका. मात्र स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क २००७ च्या कायद्यानं दिलेला आहे, तो नाकारू नका. किराणा भरा, औषधांचं बिल थेट दुकानात द्या, वीजबिल भरा.
- मारहाण होत असेल तर आईला आणि घरातल्या कुठल्याही स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आणि घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तातडीच्या वेळी ११२.
- लग्नकार्य ठरलं असेल तर "बाबा पिऊन आले तर" याची जबाबदारी आधीच कुणा एकावर सोपवा. कन्यादान मामा-मामी किंवा काका-काकू करू शकतात. नवरीनं त्या दिवशी दाराकडे डोळे लावून बसू नये.

त्यांनी दारू सोडली असेल आणि घरात सगळे आनंदात असताना तुम्हालाच राग येत असेल, तर तोही शोकच आहे. आतापर्यंत रागावणं धोक्याचं होतं, आता ते सुरक्षित झालं म्हणून तो वर येतो. त्यांच्यावर तो ओतण्याआधी एखाद्या तिऱ्हाईतापाशी बोलून घ्या. माफ करण्याची तारीख कुणी तुम्हाला ठरवून देऊ शकत नाही.

मदत कधी आणि कुठे घ्यावी

दुःखाला वेळ लागतो, पण पुढच्यापैकी काही असेल तर थांबू नका: सहा महिने ते वर्ष उलटूनही रोजची कामं होत नाहीत, जगू नये असं वाटतं, झोपेसाठी तुम्हीच घोट घेऊ लागला आहात, किंवा स्वतःच्या मुलांवर हात उठतो आहे.

- टेलिमानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची मोफत सेवा, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.
- जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात साधा सल्लाही मिळतो, भरती व्हावं लागत नाही.
- अल-अनॉनच्या सभा. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. मद्यपींच्या मोठ्या झालेल्या मुलांचे वेगळे गटही आहेत, त्यांच्या ऑनलाइन सभांना परदेशातल्या मराठी वाचकांनाही बसता येईल.
- पुण्यातलं मुक्तांगण. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या या केंद्रात कुटुंबीयांशीही बोलतात.

समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाल तेव्हा विचारा, "व्यसनी घरात वाढलेल्या माणसांबरोबर तुम्ही काम केलं आहे का?" पहिल्याच भेटीत "वडिलांना माफ करून टाका" असं सांगणारा समुपदेशक बदला. तुम्ही सांगितलेलं गुप्त राहण्याचा हक्क मानसिक आरोग्य कायदा २०१७ नं तुम्हाला दिला आहे. ऑफिसला किंवा सासरी कळेल या भीतीनं जायचं थांबू नका.

तुमची मुलं विचारतील तेव्हा

"आजोबा कशानं गेले?" याचं उत्तर सहा वर्षांच्या मुलाला "त्यांना दारूचा आजार होता, त्यानं पोटातलं यकृत खराब झालं" इतकं पुरतं. सोळा वर्षांच्या मुलाला जास्त सांगा, कारण व्यसनाच्या धोक्यातला सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक असतो. मित्र जितकी पितात तितकीच आपण प्यायलो तरी आपल्याला ती जास्त धरू शकते, हे त्याला कॉलेजला जाण्यापूर्वी घरातूनच कळलेलं बरं. दवाखान्यातल्या फॉर्मवर घरातल्या आजारांची माहिती विचारलेली असते. तिथे मधुमेह आणि रक्तदाबाच्या शेजारी हेही लिहा.